एकोणतीस सेकंद : ‘बिली जीन’ची सुरुवात पुन्हा बांधताना

18 ऑगस्ट 2024, रविवार

काम ठरलं. ‘थ्रिलर’ अल्बममधल्या ‘बिली जीन’ या गाण्याची सुरुवात, म्हणजे पहिल्या ठोक्यापासून मायकल जॅक्सन गायला लागेपर्यंतचा तुकडा, इथे मिरजेत माडीवरच्या खोलीत पहिल्यापासून उभा करायचा. मूळ ध्वनिमुद्रणातला एकही आवाज उचलायचा नाही. जे वाद्य हाताशी आहे ते वाजवायचं, जे नाही त्याचा आवाज घडवायचा.

हाच तुकडा घेण्याचं कारण, त्याच्यावरून खुद्द स्टुडिओतच मतभेद झाले होते. 1982 साली लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक स्टुडिओत अल्बमचं काम चालू असताना निर्माता क्विन्सी जोन्सला ही सुरुवात फार लांब वाटली. कापावी, असं त्याचं मत पडलं. मायकलचं म्हणणं, मला नाचावंसं वाटतं ते याच जागेमुळे. जागा राहिली. एखादा माणूस ज्या एवढ्याशा तुकड्यासाठी अडून बसतो, तो तुकडा आतून कसा बांधलाय ते मला हाताने करून बघायचंय.

घड्याळ लावून मोजलं : साधारण एकोणतीस सेकंद. लय मिनिटाला 117 ठोके. चार ठोक्यांचं एक आवर्तन धरलं तर चौदा आवर्तनं बसतात, 28.7 सेकंद. पहिल्या दोन आवर्तनांत ड्रमच, पुढची आठ ड्रम आणि बेस, शेवटच्या चारांत सिंथचे (सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य) ते तुटक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-तीन सूर. बस, एवढाच ऐवज.

हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो काकांच्या कॅसेटवर. काका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. 1 नोव्हेंबर 1996 ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकलचा कार्यक्रम झाला तेव्हा ते महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेले. मी सातवीत होतो, मला नेलं नाही. परत आल्यावर दोन दिवस ते त्या बेसच्या ओळीवर बोटं नाचवत होते, जेवताना ताटाच्या काठावरसुद्धा.

हाताशी काय आहे : मिनीमूग या जुन्या सिंथच्या सर्किटवर बेतलेला छोटा अ‍ॅनालॉग डबा, 61 पट्ट्यांचा कीबोर्ड, संगणक, चार माइक. बेस गिटार मित्राचा. ड्रमसेट ताईच्या घरी, भाचीचा.

21 ऑगस्ट, बुधवार

आज सिंथला हात लावला नाही. पेटी काढली आणि सूर लिहून घेतले.

सा काळी तीन. बेसची ओळ : सा, प, नि, सा, नि, प, म, प. नि कोमल. दोन्ही सा सोडले तर बाकी सगळे मंद्रातले. आठ सूर, प्रत्येकाला अर्धा ठोका, एक आवर्तन पूर्ण. मग तेच पुन्हा. इतकी साधी ओळ, की पेटीवर नवशिक्याला दहा मिनिटांत बसेल.

पण लिहिल्यावर एक गोष्ट दिसली, जी तीस वर्षं ऐकून लक्षात आली नव्हती. या ओळीत गंधार नाही. सा, म, प, कोमल नि, बस्स. गंधार नसल्यामुळे आठ आवर्तनं कानाला कळत नाही की हे गाणं कोमल गंधाराचं आहे की शुद्ध. कान अडकून राहतो. मग अकराव्या आवर्तनाला सिंथचा पहिला कॉर्ड येतो तो सा-ग-प, ग कोमल, आणि अंधाऱ्या खोलीत दिवा लागावा तसं गाण्याचं घर दिसतं. क्विन्सीच्या कात्रीत सापडली असती तर हीच वाट बघणं कापलं गेलं असतं.

पुढचे कॉर्ड : रे-म-ध, मग ग-प-नि, पुन्हा रे-म-ध. धैवत शुद्ध. म्हणजे ग आणि नि कोमल, बाकी शुद्ध, सरळ काफीचे सूर. (माझ्या तुकड्याच्या बाहेर, ध्रुवपदाकडे जाताना धैवत कोमल होतो आणि शेवटी प वरच्या कॉर्डात शुद्ध निषाद डोकावतो. तिथे गाण्यावर एकदम सावट येतं ते त्या एका धैवतामुळे.)

कॉर्ड पडतात कुठे? पहिला समेवर, दुसरा दुसऱ्या ठोक्यानंतरच्या अर्ध्यावर. म्हणजे चौथ्या सुरावर, जिथे बेस वरच्या सा वर परत येतो. हे जुळणं कागदावर बघून अंगावर काटा आला.

25 ऑगस्ट, रविवार

बेस, सिंथवरचा.

या गाण्यात बेस गिटार लुई जॉन्सनचा आहे आणि त्याच्या अंगाला अंग लावून सिंथ-बेस आहे. अल्बमच्या शीर्षकगीताचा बेस तर मिनीमूगवरचाच. म्हणून मीही डब्यापासून सुरुवात केली.

मिनीमूग 1970 चं यंत्र. तीन ऑसिलेटर, म्हणजे लहर निर्माण करणारे भाग, एका वेळी एकच सूर, आणि तो प्रसिद्ध फिल्टर, जो वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे बारीक उंच सूर) सप्तकागणिक 24 डेसिबलने उतरवतो. त्याला स्मरणशक्ती नव्हती. आवाज जमला की बटणं कुठल्या आकड्यावर आहेत ते कागदावर लिहून ठेवायचं, नाहीतर उद्या तो आवाज नाही. त्या काळच्या वादकांकडे अशा कागदांचे गठ्ठे असत. माझ्या डब्यालाही स्मृती नाही, म्हणून मीही लिहितो :

पहिला ऑसिलेटर चौकोनी लहर, दुसरा करवती, तिसरा बंद. दोन्हींत जेमतेम फरक. फिल्टर जवळजवळ मिटलेला, रेझोनन्स शून्य. सूर दाबल्यावर फिल्टर क्षणभर उघडून पाव सेकंदाच्या आत बंद.

हा पाव सेकंद महत्त्वाचा निघाला. या लयीत अर्धा ठोका 256 मिलिसेकंदांचा. फिल्टर त्याहून जास्त वेळ उघडा राहिला तर सूर एकमेकांत चिकटतात, ओळ चालायची सोडून सरपटते. 180 मिलिसेकंदांवर आणला, आणि प्रत्येक सुरामागे इवलीशी पोकळी तयार झाली. गाणं चालतं ते त्या पोकळीवर.

एकटा ऐकला तर मात्र रबरासारखा वाटतो. गोल आहे, पण त्याला नख नाही.

1 सप्टेंबर, रविवार

नख आलं. मित्र गिटार घेऊन सकाळी नऊला हजर. लुई जॉन्सनने बरेच बेस गिटार आणून वाजवून दाखवले आणि त्यातला एक यामाहा निवडला गेला, असं वाचलेलं, म्हणून मित्राकडचा यामाहाच मागवला होता.

तीन तास एकच ओळ. बोटाने, पुलाजवळ, मग मानेजवळ. मानेजवळची घेतली.

मग दोन्ही एकत्र लावले आणि आवाज बारीक झाला. दोन बेस मिळून एकापेक्षा कमी! लहरी एकमेकींना खात होत्या. एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार. गिटारच्या लहरीचा चढ-उतार उलटा केला, ट्रॅक एक-दोन मिलिसेकंद इकडे-तिकडे सरकवला, तेव्हा पोट भरलं.

दुपारी खालचे सतारमेकर काका चहाला वर आले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे होतात. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “जोड लागलेली नाही. फिरतीय.” मला काहीच फिरताना ऐकू येत नव्हतं. त्यांनी हाताने दाखवलं : आवाज फुगतो, बसतो, फुगतो. तळहात वर-खाली, अगदी सावकाश. मी संगणकावर बघितलं तर सिंथ गिटारपेक्षा पाच सेंट चढा. (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) सा इथे 92.5 हर्ट्झचा, त्यावर पाच सेंट म्हणजे सेकंदाला पाव हर्ट्झच्या आसपास फरक, म्हणजे दर पावणेचार सेकंदाला एक हेलकावा. काकांचा तळहात तेवढ्याच वेळाने वर येत होता. यंत्र नाही, आलेख नाही, नुसता कान.

मी म्हटलं, “काका, पूर्ण मिळवू का?” ते म्हणाले, “अगदी मिळवू नको. तंबोऱ्यात जोडीच्या तारा पूर्ण एक केल्या की तंबोरा मरतो. थोडा जीव ठेव.” दोन सेंट ठेवला. आता हेलकावा नऊ-दहा सेकंदांनी येतो, ऐकू येत नाही, पण काढून टाकला तर ओळ बसून जाते.

5 सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी पावसात वीज तीनदा गेली-आली आणि साउंड कार्डचा अडॅप्टर जळाला. ट्रॅक वाचले, कारण रविवारीच दुसऱ्या डिस्कवर प्रत काढलेली. शनिवारी गणपती. काम बंद.

19 सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन मंगळवारी सुरू झालं आणि मिरजेच्या रिवाजाने दुसऱ्या दिवशीपर्यंत चाललं. भाची पथकात ढोल वाजवून आलीय, हाताला पट्ट्या. तिला रविवारपर्यंत सोडलं.

तोवर मशीनचा ठोका. लिओन ‘एनडुगू’ चान्सलरने ‘बिली जीन’वर खरे ड्रम वाजवले, पण ते आधीच तयार असलेल्या मशीनच्या ठोक्यावर. शीर्षकगीतात मशीनचं काम आणखी स्पष्ट ऐकू येतं. त्या वेळचं मोठं यंत्र म्हणजे रॉजर लिनचं एलएम-1. 1980 ला आलेलं, खऱ्या ड्रमचे आवाज डिजिटल स्वरूपात चिपमध्ये साठवणारं पहिलं ड्रम मशीन. आठ बिट, म्हणजे जाडसर अचूकता, आणि सेकंदाला 28 हजार नमुने. त्यात लांब वाजणारी मोठी झांज नव्हती. झांजेचा नाद लांबवर रेंगाळतो, तो साठवायचा तर स्मृती जास्त लागते, आणि तेव्हा चिपची किंमत सोन्यासारखी. त्या काळच्या कितीतरी गाण्यांत मशीनच्या ठोक्यावर झांज मात्र माणसाने वाजवलेली सापडते, ती यामुळे.

भाचीच्या ड्रमचे सुटे आवाज जुलैमध्ये घेतलेले होते. ते आठ बिटांवर उतरवले. कडा खरखरीत झाल्या, आणि खोटं वाटण्याऐवजी ठाम वाटायला लागले.

22 सप्टेंबर, रविवार

मोठा दिवस.

अभियंता ब्रूस स्वीडिनने या ड्रमसाठी काय काय केलं ते वाचून ठेवलं होतं. त्याने प्लायवूडचा, रंग न दिलेला चौथरा बनवून घेतला, आठ फूट चौरस, खालून आडव्या-उभ्या पट्ट्यांनी घट्ट केलेला. किक ड्रमच्या (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) तोंडाला झिप असलेलं आवरण शिवून घेतलं. झिप उघडून माइक आत. स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि हाय-हॅटच्या (झांजांची जोडी) मध्ये लाकडाची फळी, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरू नये. त्याला या गाण्याचे ड्रम असे हवे होते की चेहरा पाहिल्यासारखे ओळखू यावेत. खरंच, पहिल्या दोन ठोक्यांत जगातला कोणीही गाणं ओळखतो. त्या वेळी सुरावट सुरूही झालेली नसते. नुसता किक आणि स्नेअर.

आमच्याकडे चौथरा सहा फूट बाय चार, ताईच्या शेजारी काम चाललेल्या सुतारांकडून उसना. किकला आजीची गोधडी. दोन पदर समोर, मध्ये चीर ठेवून माइक आत. जुन्या सुती लुगड्यांचे थर, हाताने घातलेले टाके. फोमपेक्षा हजार पटीने चांगली निघाली. फोम वरचा आवाज खातो आणि खालचा सोडून देतो. गोधडी वजनाने कातडं धरून ठेवते. ‘धुम्म’चा ‘धप्’ झाला. स्नेअर-हॅटच्या मध्ये पोळपाट चालेना, लहान पडला. शेवटी कपाटाचा एक फळा काढून उभा केला.

ठोका सांगायला सोपा : किक पहिल्या आणि तिसऱ्यावर, स्नेअर दुसऱ्या-चौथ्यावर, हॅट अर्ध्या अर्ध्याला. भाची पहिल्यांदा वाजवताना मध्ये मध्ये भरत होती. चौदा आवर्तनं काही न करता वाजवायची म्हटल्यावर तिचा हात शिवशिवायला लागला. आठव्या-नवव्या वेळी म्हणाली, “मामा, पथकात ताशा बोलतो तेव्हा ढोलाने गप्प धरून ठेवायचं असतं. तसं वाजवू का?” आणि मग जे वाजवलं ते एकदम बरोबर. हॅट कणभर पुढे, स्नेअर कणभर मागे. स्नेअर मोजला, मशीनपेक्षा सरासरी आठ मिलिसेकंद उशिरा.

दोन्ही ठोके एकत्र लावले. मशीन एकटं लावलं की रस्ता दिसतो, चालणारा नाही. भाची एकटी लावली की चालणारी दिसते, पण आठव्या आवर्तनापाशी थोडी घाई करते. दोन्ही मिळून मात्र तो आवाज, ज्याच्यासाठी काका ताटावर बोटं वाजवायचे. हा अल्बम यंत्रांचा म्हणून ओळखला जातो. मला आता पक्कं वाटतं की त्यातलं प्रत्येक यंत्र कोणाच्या तरी हाताला बांधलेलं आहे. बेस : गिटार आणि सिंथ. ड्रम : मशीन आणि चान्सलर. नंतर नुसती यंत्रं वापरून त्याची नक्कल करणाऱ्यांना तो सापडला नाही, कारण त्यांनी जोडीतली एकच तार लावली.

6 ऑक्टोबर, रविवार

कॉर्ड. दोन आठवडे फक्त हेच, आणि जमलेलं नाही.

मूळ वाद्य यामाहा सीएस-80. 1970 च्या दशकातलं, शंभर किलोच्या आसपास वजन, उचलायला चार माणसं. एका वेळी आठ सूर, आणि प्रत्येक सुरामागे आवाजाचे दोन स्वतंत्र थर. खोली तापली की सूर घसरायचे. पण त्याच्यासारखं दुसरं नव्हतं, कारण त्याची प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे दाब ओळखते. कॉर्ड धरून ठेवला आणि फक्त करंगळी जास्त दाबली तर फक्त करंगळीखालचा सूर उजळतो. बाकीचे शांत. पेटीवर भाता सगळ्या सुरांना एकच हवा देतो. इथे प्रत्येक बोटाला स्वतःचा भाता.

या गाण्यावर सिंथसाठी ग्रेग फिलिंगेन्स, ग्रेग स्मिथ आणि बिल वुल्फर अशी नावं आहेत. फिलिंगेन्सचा हात या अल्बमभर पसरलेला आहे.

माझ्या कीबोर्डला दाब कळतो, पण सगळ्या पट्ट्यांचा मिळून एकच. एक बोट दाबलं की तिन्ही सूर उजळतात. संगणकातल्या सीएस-80 च्या प्रतिकृतीत आवाज बरोबर आहे, माझ्या हातून तो पुतळ्यासारखा निघतो. बरोबर आणि निर्जीव.

13 ऑक्टोबर, रविवार

दसरा काल झाला. शस्त्रपूजेत काकांचा जुना कॅसियो, डबा आणि बेस गिटार ठेवला. सकाळी उठल्या उठल्या उपाय सुचला, इतका सरळ की आधी का नाही सुचला.

तिन्ही सूर वेगवेगळे वाजवायचे. आधी चारही आवर्तनं फक्त खालचा सूर : सा, रे, ग, रे. मग मधला : ग, म, प, म. मग वरचा : प, ध, नि, ध. प्रत्येक फेरीत बोट मनासारखं दाबायचं. तीन फेऱ्या, मग एकावर एक.

म्हणजे तीन गायिका एकामागोमाग गाऊन गेल्यासारखं. वरच्या ओळीला गाताना येतो तसा भाव द्यावा लागला : प-ध-नि वर चढताना जरा जास्त दाब, ध वर परतताना सोडलेला. मधली ओळ मी मुद्दाम कोरडी ठेवली. तिन्ही एकत्र लावल्यावर कॉर्डाच्या आत हालचाल दिसायला लागली, पाण्याखाली मासे वळतात तशी.

एक चूक कामाला आली. तिन्ही फेऱ्यांत मी समेवर तंतोतंत पडलो नव्हतो. दहा-बारा मिलिसेकंद पुढेमागे. संगणक सरळ करून देत होता. करू दिलं नाही.

आवाज किती वेळ धरायचा यावर रात्री अकरापर्यंत बसलो. सीएस-80 चा हा आवाज हवेच्या झोतासारखा सुरू होतो, फुगतो, आणि फुगा पूर्ण होण्याआधीच बोट उचललेलं असतं. 300 मिलिसेकंद जास्त, 200 कमी. 240 वर थांबलो.

20 ऑक्टोबर, रविवार

कान ताजे करायला आज दुसरंच काही. याच अल्बममधल्या ‘बीट इट’च्या सुरुवातीच्या त्या घंटेसारख्या सात टोल्यांचा आवाज. तो सिंक्लाव्हियर 2 या सिंथचा. अमेरिकेत व्हर्मॉन्टमधल्या कंपनीचं, डार्टमथ कॉलेजातल्या कामातून निघालेलं अवाढव्य डिजिटल यंत्र. तो आवाज यंत्राच्या जाहिरातीसाठी काढलेल्या प्रात्यक्षिक रेकॉर्डवर आधीच होता. तिथून या गाण्याच्या दारात आला आणि अजरामर झाला.

एफएम पद्धतीने (एका लहरीने दुसरीची कंपनं हलवायची) तासाभरात जवळपास पोचलो : दोन लहरी, त्यांच्या कंपनांचं प्रमाण 1 ला 1.4. पूर्णांकी प्रमाण ठेवलं की बासरी-सनईकडे जातं, असं मोडकं ठेवलं की धातू वाजतो. भाचीने विचारलं देवळातली घंटा अशी करता येईल का. येईल, पण खरी घंटा इथून चारशे पावलांवर आहे.

याच गाण्याच्या श्रेयनामावलीत मायकलच्या नावापुढे ड्रमची पेटी बडवल्याचं श्रेय आहे. वाद्याचं नव्हे, वाद्य ठेवायच्या पेटीचं. लाखो रुपयांच्या यंत्राशेजारी रिकामी पेटी. मला हा अल्बम का आवडतो ते एवढ्यात येतं.

4 नोव्हेंबर, सोमवार

काल भाऊबीज. आज दुपारी बातमी आली, क्विन्सी जोन्स गेला. 91 वर्षांचा होता.

काम सुरू केलं तेव्हा मनात तो ‘कापा’ म्हणणारा माणूस होता. अडीच महिने त्याच्या एकोणतीस सेकंदांत राहिल्यावर वेगळं दिसतं. ट्रम्पेटवाला, जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदांसाठी रचना करणारा, पॅरिसला नादिया बुलांजेकडे शिकलेला. त्याने लुई जॉन्सनला बोलावलं, चान्सलरला बोलावलं, स्वीडिनच्या हाती ध्वनिमुद्रण दिलं, टोटो या बँडच्या पोरांना आणलं. त्यांच्यातल्या स्टीव्ह पोर्कारोचं ‘ह्यूमन नेचर’ हे गाणं तर एका कॅसेटच्या शेवटी अर्धवट पडलेलं होतं. कॅसेट पुढे चालत राहिली आणि याच्या कानांनी ते पकडलं. सिंथ कोणता हे विचारण्याआधी हात कोणाचा हे विचारणारा माणूस.

या तुकड्यातला लुई जॉन्सन 2015 मध्ये गेला, चान्सलर 2018, स्वीडिन 2020. मायकल 2009 मध्येच. आज काही रेकॉर्ड केलं नाही. ऑर्केस्ट्रावाल्या काकांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “ऐकव काय केलंयस ते.” फोनवरून ऐकवलं.

10 नोव्हेंबर, रविवार

काकांना फोनवर बेस ऐकू आला होता, हे नंतर लक्षात आलं आणि नवल वाटलं. ओळीतला खालचा म 62 हर्ट्झच्या आसपास, वरचा सा 92. फोनचा स्पीकर तिथपर्यंत उतरूच शकत नाही. कान मात्र वरच्या स्वरांशांवरून मूळ सूर स्वतः भरून काढतो, आणि ते स्वरांश गिटारच्या नखातून येतात. सिंथ एकटा असता तर फोनवर ड्रमच ऐकू आले असते. म्हणजे जोड फक्त गोडव्यासाठी नव्हती. त्या काळच्या छोट्या ट्रान्झिस्टरवरही गाणं पोचायचं होतं.

मिक्स चालू. स्वीडिनने या गाण्याचे 91 मिक्स केले आणि शेवटी दुसऱ्या क्रमांकाचा घेतला. माझे आज चौदा झाले. पहिल्यांदा अल्बम पूर्ण झाला तेव्हा रेकॉर्डवर तो फुसका वाजला, कारण एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली होती. मिनिटं वाढली की खाचा अरुंद कापाव्या लागतात, आणि अरुंद खाचेत खर्ज मावत नाही. मग गाणी छाटून, दिवसाला एक अशी पुन्हा मिक्स केली. क्विन्सी सेकंद मोजत होता त्याला हेही कारण होतं. त्याच्या जागी बसलो असतो तर मीही मोजले असते.

आज शेकर घातला, अगदी हळू. काढला. पुन्हा घातला. ठेवला.

17 नोव्हेंबर, रविवार

झालं. मिक्स सोळावा, पण खरं तर तिसराच, फक्त किक अर्धा डेसिबल वर आणि गोधडीचा एक पदर कमी करून पुन्हा वाजवलेले पहिले दोन आवर्तनांचे ड्रम. भाचीने ते एका झटक्यात दिले, शाळेचा गणवेश न बदलता.

संध्याकाळी सतारमेकर काका, ताई, भाची, मित्र सगळे माडीवर. दिवा मालवला. दोन आवर्तनं ठोका. मग बेस, काकांची मान हलायला लागली, त्यांचा तळहात या वेळी मांडीवर स्थिर. अकराव्या आवर्तनाला कोमल गंधार आला तेव्हा ताईने हातातला कप खाली ठेवला. मी मोजत होतो, बारा, तेरा, चौदा.

फाइल तिथेच संपते.

कोणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, “आणि आता गाणार कोण?”